आवाज फाडून मागणारे साहेब

माझ्या दुकानात येऊन आवाज कमी करा म्हणणारे पुष्कळ आले. परीक्षेच्या दिवसांत मास्तर यायचे, मयत झालेल्या घरचे यायचे, पोलीस तर यायचेच. आवाज वाढवा म्हणणारेही आले. ते नवरदेवाचे मित्र असायचे. पण चांगला आवाज खराब करून द्या म्हणणारा माणूस सगळ्या पांढरकवड्यात एकच निघाला, आणि तोच माझा घरमालक होता.

लोक त्यांना ग्रेडरसाहेब म्हणत. सरकारी कापूस खरेदी केंद्रावर त्यांची नोकरी झाली. शेतकऱ्याच्या बैलबंडीतून चिमूटभर कापूस काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, धागा किती भरतो ते डोळे बारीक करून पाहायचं आणि प्रत सांगायची, एवढंच काम. पण त्या एका शब्दावर समोरच्या माणसाचं वर्ष ठरायचं. मी सांगतो आहे त्या वर्षी ते नुकतेच रिटायर झाले होते. ते दिवस कापसाचे वाईट दिवस होते. अळी औषधाला भीत नव्हती, केंद्रं उशिरा उघडत, बंड्यांची रांग पार रस्त्यावर येई. लोक लग्नंही गुपचूप उरकायला लागले होते. लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्याला गुपचूप लग्नासारखी वाईट गोष्ट नाही.

बसस्टँडच्या रस्त्यावरची त्यांची खोली माझं दुकान होतं. त्या खोलीत आज बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. ती खोली माझी व्हायला हवी होती. ती कशी झाली नाही हे सांगायलाच मी बसलो आहे, पण आधी माणूस सांगतो, नाहीतर कोणाला पटायचं नाही.

साहेबांना हाताला लागेल त्याची प्रत पाहायची सवय होती. कोणाच्या घरी बसले की गादीच्या शिवणीतून कापूस ओढून काढायचे आणि घरमालकाच्या देखत म्हणायचे, “तुम्हाला फसवलं.” एकदा एका मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी नवऱ्या मुलाच्या बसायच्या लोडातून चिमूट काढली. त्यांना पुढे त्या घरात बोलावलं नाही. साहेबांना त्याचं काही वाटलं नाही. ते म्हणाले, “लोड सेकंड होता, मी काय करू?”

घासाघीस त्यांच्या स्वभावातच नव्हती. मी हमालीतून वर आलो. कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत गठाणी उचलल्या, तिथल्याच वायरमनच्या मागे फिरून तारा जोडायला शिकलो, भंगारात पडलेला एक भोंगा घासाघीस करून घेतला आणि तिथून धंदा उभा केला. घासाघीस म्हणजे माझ्यासाठी नुसता भाव नाही, ती माणसाची ओळख आहे. किती ताणतो, कुठे सोडतो, यावरून मला माणूस कळतो. साहेबांसोबत ते शक्यच नव्हतं. खोलीचं भाडं त्यांनी सांगितलं तेव्हा मी सवयीने निम्म्यावर आलो, तर ते म्हणाले, “भाऊ, प्रत सांगतात. ठरवत नाहीत.”

केंद्रावरही ते असेच होते. पैसे खात नसत. त्यामुळे सगळा तालुका त्यांच्यावर नाराज होता. खाणारा असता तर त्याच्याशी बोलता आलं असतं.

मी खोलीत आलो त्याच महिन्यात ते दुकानात येऊन म्हणाले, “रविवारी सकाळी तुमचं मोठं मशीन आणि दोन डबे घेऊन घरी या.” आम्ही ॲम्प्लिफायरला मशीन म्हणतो आणि पेटीतल्या स्पीकरला डबा.

मी म्हटलं, “काही कार्यक्रम हाये काय साहेब?”

“मी ऐकणार आहे,” साहेब म्हणाले.

त्यांच्याकडे रेकॉर्डचा एक खोका होता. ते तरुण असताना सूतगिरणीची यंत्रं बसवायला एक गोरा इंजिनियर आला होता, तो रेस्ट हाउसवर महिनोन्‌महिने राहिला आणि जाताना खोका त्यांना देऊन गेला. तो इंग्लंडातल्या कुठल्या तरी कारखान्यांच्या गावचा होता. सगळ्या रेकॉर्ड विलायती, कव्हरवर केस वाढवलेली पोरं, चेहरे असे की कोणीतरी त्यांचाही कापूस परत पाठवला आहे. साहेबांकडे वाजवायचं यंत्र होतं, पण त्याचा स्पीकर वाटीएवढा. ते म्हणत, “हा खोटं बोलतो. सगळं गोड करून सांगतो.”

पहिल्या रविवारी मी जोडणी केली, साहेबांनी सुई टेकवली, आणि मी उडी मारून उठलो. माझा धंदा कानाचा आहे. आवाज फाटतो आहे हे मला झोपेतही कळतं. गिटार अशी वाजत होती जशी जिनिंगची करवत लोखंडाला लागली. मी मशीन बंद करायला धावलो.

“बसा,” साहेब म्हणाले. “बिघाड नाही. तोच माल आहे.”

“साहेब, फाटून राह्यला न आवाज.”

“मुद्दाम फाडला आहे. बसा.”

वहिनी, म्हणजे त्यांची पत्नी, चहा घेऊन आल्या. त्यांच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते. साहेबांनी मला सांगितलं की ते फर्स्ट प्रतीचे आहेत.

तिथून माझे रविवार गेले. भाड्यात थोडी सूट मागून घेतली असती, पण साहेबांकडे मागणं म्हणजे भिंतीकडे मागणं. ते खुर्चीत डोळे मिटून बसायचे आणि दोन्ही हातांच्या चिमट्या हवेत धरून हळूहळू लांब न्यायचे, जसा काही गाण्यातून धागा निघतो आहे. तुटला की “संपलं” म्हणायचे आणि सुई उचलायचे. काही गाणी त्यांनी आयुष्यात शेवटपर्यंत ऐकलेली नव्हती.

मधल्या वेळात ते मला हा प्रकार कसा जन्मला ते सांगायचे. मला रस नव्हता, पण मी बसलेला होतो. त्यांचं म्हणणं असं की अमेरिकेत कापूस वेचणारे काळे मजूर शेतात गायचे. मुकादम, मालक, पाऊस, बायको, सगळ्यांची तक्रार गाण्यात. मग ते शहरात कारखान्यांत गेले, तिथे गलका फार, म्हणून गिटारीला वीज लावली. मग कोणाचं तरी मशीन गाडीवरून पडलं आणि त्याच्या स्पीकरचा कागद फाटला. नवीन घ्यायला ऐपत नव्हती, तसंच वाजवलं, आणि ऐकणाऱ्यांना तेच आवडलं. मग इंग्लंडातल्या पोरांनी चांगल्या स्पीकरचा कागद ब्लेडने मुद्दाम चिरला. आणि त्या इंजिनियरच्या गावाकडची पोरं तर दिवसभर लोखंडी प्रेसचे दणके ऐकत वाढलेली. त्यांनी तारा सैल करून आवाज खाली पाडला आणि तोच दणका गाण्यात बसवला. पुढे त्या सगळ्याला धातूचं नाव पडलं, हेवी मेटल. साहेबांना पुढचं काही नको होतं. म्हणायचे, पुढे पोरं चांगली वाजवायला लागली.

मी एकदा म्हटलं, “म्हंजे गाणं कापूस येचनाऱ्याईचं, आन्‌ नाव झालं गोऱ्या पोराईचं?”

“मग? कापूस कोणाचा आणि कापड कोणाचं, हे तुम्हाला नवीन आहे का?”

मी वायर गुंडाळायला घेतली. मला गप्प बसवलेलं आवडत नाही.

त्यानंतर एका रविवारी मी मागच्या खोलीत वायर ओढायला गेलो आणि परत आलो तर साहेब माझ्या एका डब्यासमोर उकिडवे बसलेले. पुढची जाळी काढलेली, हातात दाढीचं ब्लेड. स्पीकरचा काळा कागद त्यांनी तीन ठिकाणी उभा चिरला होता. नवा कागद, लग्नसराईच्या तोंडावर बसवलेला.

“साहेब, हे काय करून राह्यले तुमी?”

“आता लावा.”

मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. वहिनींच्या कानांत बोळे होते म्हणून बरं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “किंमत सांगा.” मी राग आणि धंदा दोन्ही मिळून तिप्पट सांगितली, म्हणजे खाली यायला जागा राहील. ते आत गेले आणि तेवढे आणून दिले. मी पैसे घेऊन घरी आलो आणि मला जेवण गेलं नाही. तिप्पट मिळूनही माणूस लुटल्यासारखा होऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं. डबा मात्र माझ्याच दुकानात राहिला, कारण त्यांच्या घरात ठेवायला वहिनींनी नकार दिला. मी त्याच्यावर खडूने फुली मारून तो कोपऱ्यात सरकवला.

उन्हाळा संपता संपता साहेबांचा पुतण्या नागपूरहून आला. त्याने रस्त्यावरची जागा विकून टाकायचा विषय काढला. बियाण्यांचा एक व्यापारी तेव्हा गावोगाव दुकानं काढत होता. कापूस पिको न पिको, बियाणं विकलं जायचंच. तो दोनदा येऊन खोलीची लांबी-रुंदी टेपने मोजून गेला. माझ्या देखत मोजली. मी त्याला टेपचं दुसरं टोक धरून दिलं नाही.

त्या खोलीवर माझं सगळं होतं. सगळ्या तालुक्याच्या बसेस समोर थांबायच्या. मुकुटबनकडचा, पाटणबोरीकडचा माणूस उतरला की त्याला पहिले माझा भोंगा दिसायचा. मागच्या गल्लीत गेलो असतो तर मला शोधत कोण आलं असतं? मी साहेबांकडे गेलो आणि सरळ म्हटलं, “साहेब, खोली मले द्या.”

ते म्हणाले, “पोळ्यानंतर बोलू. पोळ्याला तुमचा माईक कुठे आहे?”

मी मुकुटबनच्या अलीकडल्या एका गावाचं नाव सांगितलं. तिथला पोळा दरवर्षी माझाच असायचा.

“तिथे तो चिरलेला डबा लावायचा.”

ज्यांना आमच्याकडचा पोळा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावाबाहेर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली सगळे बैल सजवून उभे करतात. तोरण तुटायच्या आधी लोक झडत्या म्हणतात. झडती म्हणजे यमक जुळवून मारलेला टोमणा. सावकार, पुढारी, जावई, तलाठी, कोणी सुटत नाही, आणि त्या दिवशी कोणी रागावायचं नसतं. शेवटी सगळे महादेवाच्या नावाने आरोळी देतात.

साहेबांचं म्हणणं, झडती म्हणजे त्यांच्या रेकॉर्डच आहेत, फक्त पुढे बैल उभे असतात. आणि माझ्या स्वच्छ भोंग्यांनी झडत्यांची वाट लावली आहे. “तुमच्या भोंग्यातून शिवीसुद्धा प्रार्थनेसारखी येते,” ते म्हणाले. “सुदामबाबा दरवर्षी माझ्यावर झडती म्हणतो. मी दरवर्षी जातो. एकदाही लागली नाही.”

सुदामबाबा त्या गावचा म्हातारा शेतकरी. त्याचा कापूस साहेबांनी किती वेळा खालच्या प्रतीत टाकला असेल ते तोच जाणे. त्याने त्यांच्यावर झडती म्हणावी हे मला समजत होतं. ती नीट लागावी म्हणून साहेबांनी माझ्या मागे लागावं हे समजत नव्हतं. पण खोलीचं बोलणं त्यात अडकलं होतं. मी हो म्हटलं.

पोळ्याच्या दिवशी गावच्या पाटलांनी मला बाजूला घेतलं. “हे पाय, यंदा बैलं कमी हायेत. लोकाईनं इकून टाकले. जे हायेत ते बुजले, एक जरी उधळला, तं तुहा माईक या पट्ट्यात लागनार नाही. मी सांगतो सगळ्या गावाईले.”

म्हणजे डबा लावला तर गावं जाणार, नाही लावला तर खोली. मी डबा लावला, पण मशीनचा कान, म्हणजे आवाजाचं बटण, जवळपास बंदच ठेवला. साहेब पांढरा हाफशर्ट घालून पहिल्या रांगेत बैलांच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी पाहिलं आणि माझ्याजवळ आले.

तिथे उघड बोलता येत नव्हतं. पाटील दोन हातांवर होते. साहेबांनी माझ्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला, माझ्या हातावर टाकला आणि खालून माझा हात धरला. बैलबाजारात असाच सौदा होतो. कापडाखाली बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे बाजूच्याला कळत नाही. त्यांनी पंजा दाबला आणि वर तीन बोटं. आठ. आवाज आठवर ठेवा.

मी त्यांची दोन बोटं धरली.

त्यांनी मान हलवली आणि सात दाबले. मी तीन. ते पुन्हा सात. मी हात काढून घ्यायला लागलो, तसे ते सहावर आले. मला आठवतं, माझ्या अंगातून वीज गेल्यासारखं झालं. हा माणूस घासाघीस करत होता. चांगली करत होता. आपला आकडा सोडताना चेहऱ्यावर काही दिसू देत नव्हता.

आजूबाजूला लोक जमायला लागले. एक जण दुसऱ्याला म्हणाला, “ग्रेडर बैल घेऊन राह्यला वाटते.”

“आजच्या दिवशी?”

“अबे, त्याले कायचा सन?”

तिसरा मला म्हणाला, “काहून रे भाऊ, तुह्याजवळ बैल कवा आला? आन्‌ पोळ्याच्या दिवशी इकून राह्यला? लाज नाही काय?”

पोळ्याला बैलाचा सौदा करणं म्हणजे सणाच्या दिवशी घरच्या माणसाचा लिलाव. दोन म्हातारे काठ्या टेकत आमच्याकडे निघाले. पाटीलही वळले. मी घाईने साडेचार म्हणून चार बोटं आणि एक पेर दाबलं. साहेबांनी पंजा दाबला आणि सोडलाच नाही. पाचावर ठरलं. मी दुपट्टा झटकून सगळ्यांना हात दाखवले. “बैल नाही बाप्पा, काही नाही. साहेबाईले मुंग्या आल्यात हाताले.” मशीन पाचावर नेलं.

सुदामबाबाने माईक धरला.

“बंडी भरून कापूस नेला, बंडी उभी दारात,
चिमटीभर ओढून म्हणे, बसत नाही भावात.
कापूस माहा पिवळा म्हणे, धागा म्हणे तोकडा,
डोया तुहा पिवळा लेका, हात तुहा वाकडा.”

ही झडती मी वर्षानुवर्षं ऐकली होती. दरवेळी लोक हसायचे. त्या दिवशी ती चिरलेल्या कागदातून पत्रा फाडत बाहेर आली. म्हाताऱ्याच्या आवाजात काय काय होतं ते माझ्या भोंग्यांनी इतकी वर्षं गाळून घेतलं होतं. कोणी हसलं नाही. महादेवाची आरोळी द्यायचीही कोणाला सुचली नाही. बैलांनी कान हलवले, एकाने मुतून घेतलं, बाकी कोणी जागचं हललं नाही. सुदामबाबा स्वतःच्याच आवाजाने दचकला होता. त्याने समोर साहेबांना पाहिलं आणि माईक खाली केला.

“पुन्हा म्हणा,” साहेब म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि दोन्ही हात कोपरापासून बाजूला ताणलेले. “अर्धवट सोडू नका.”

सुदामबाबाने पुन्हा म्हटली. या वेळी त्यात त्याने दोन ओळी वाढवल्या; त्या साहेबांच्या आईबद्दल होत्या. मग मात्र आरोळी उठली, आणि तोरण तुटलं.

पाटील माझ्याकडे आले. “तो डबा बिघडला काय बे?”

“नाही,” मी म्हटलं. “तसाच असते तो.”

पुढल्या वर्षी त्यांनी तोच डबा मागितला. धंद्याचं म्हणाल तर त्या पोळ्याने माझं काही बिघडलं नाही. बिघडलं ते नंतर.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेलो. त्यांनी छताकडे पाहत खोलीचा आकडा सांगितला. आकडा वाजवी होता. वाजवीपेक्षाही थोडा खालीच. पुतण्याला पटला नसता असा. पण काल या माणसाने माझ्याशी एकेका पेरासाठी झुंज घेतली होती. मला वाटलं, आता हा माझ्या भाषेत बोलायला लागला. मी खालचा आकडा सांगितला.

साहेब म्हणाले, “मी सांगितलं भाऊ.”

“सांगितलं न साहेब. आता मी सांगतलं. आता तुमी पुन्हा सांगा.”

“मी काय वेगळं सांगू?”

मी हसलो. बाजारात असं बोलतात. मी नमस्कार करून निघालो आणि आठवडाभर तिकडे फिरकलो नाही. सौदा थोडा निवू द्यावा लागतो. समोरच्याने बोलावलं पाहिजे. साहेबांनी बोलावलं नाही. बियाण्यांचा व्यापारी मात्र मधल्या काळात त्यांच्या ओसरीवर बसून गेला. त्याला त्यांनी तोच आकडा सांगितला, जो मला सांगितला होता, आणि त्याने “हो” म्हटलं. एका शब्दात. तोही व्यापारीच, तरी त्याला लाज वाटली नाही.

मला हे दुकानात कळलं. पुतण्या सामान कधी काढता विचारायला आला होता. मी तसाच साहेबांच्या अंगणात गेलो. ते आरामखुर्चीत बसले होते. मी फाटकापासूनच सुरुवात केली.

“साहेब, आवाजाचा सौदा करता येते तुमाले! पेरापेराचा करता येते! मंग खोलीचा कायले नाही आला? वर्सभर माहे रविवार खाल्ले. माहा डबा चिरला. पाटलासमोर मले उभं केलं, गावाईची रोजीरोटी पणाले लावली, आन्‌ मी आकडा सांगतला तं तुमचं तोंड शिवलं! अरे एक डाव ‘नाही जमत’ म्हणायचं होतं! एक रुपया वर म्हणायचा होता! माणसासारखं भांडायचं होतं माह्यासंग!”

त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यामुळे मी आणखी चढलो. हमालीचे दिवस काढले, भंगारातला भोंगा काढला, गठाणीखाली दबलेला पाय काढला, जे त्यांच्याशी संबंधित नव्हतं तेही सगळं काढलं. शेजारचे गच्चीवर आले. माझा आवाज तेव्हा कसा झाला होता मला माहीत नाही, पण शेवटी शेवटी शब्द फुटेनासे झाले, नुसती घरघर यायला लागली, तरी मी थांबलो नाही. थांबलो तो खोकल्याने.

साहेबांनी डोळे उघडले. उठून उभे राहिले. मला वाटलं माफी मागतात, किंवा हाकलतात. दोन्हीला मी तयार होतो.

“भाऊ,” ते हळूच म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून इतका आदर मी कधी ऐकला नव्हता, “हे पोळ्याला बोलला असता, तर बैल उधळले असते.”

मग त्यांनी वहिनींना माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं. मी ते प्यालो नाही.